चाळीस फुटी कॅमेरा आणि दीड इंची भिंग

शनिवार, २२ जानेवारी १८९८. पौष अमावास्या. भर दुपारी वऱ्हाडातील तळणी नावाच्या लहानशा रेल्वे स्थानकाजवळ दिवस मावळल्यासारखा झाला आणि सुमारे २ मिनिटांनी पुन्हा उजाडले. तेवढ्या अवधीत दीड इंच व्यासाच्या एका भिंगाने सूर्याभोवतीचे असे काही काचेवर उतरवून घेतले, की जे त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यात उभ्या केलेल्या ४० फुटी कॅमेऱ्याला टिपता येणे शक्यच नव्हते.

दुर्बिणीचा चांगुलपणा नेमका कशात असतो, या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर देणारा दुसरा प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासात सापडणे कठीण.

प्रश्न मात्र आजचाच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवराच्या काठावर उभे राहिले, की समोरचा काठ सुमारे १.८ किलोमीटरवर असतो आणि तळाशी सरोवर. तेथे कोणी द्विनेत्री दुर्बीण डोळ्यांना लावली, की शेजारच्याचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘किती पट मोठं दिसतं?’ दुकानातही हाच आकडा आधी पुढे येतो. दुर्बिणीवर ८×४२ किंवा २०×५० असे दोन आकडे छापलेले असतात. पहिला विवर्धनाचा, म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते त्याचा. दुसरा समोरच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. काचेची जात कोणती, लोलक कसे घडवलेले, दृष्टिक्षेत्र किती रुंद, आत शिरलेल्या प्रकाशापैकी डोळ्यापर्यंत किती पोचतो, याबद्दल ते आकडे फारसे बोलत नाहीत. दुर्बिणीचा इतिहास मात्र बराचसा याच न छापलेल्या गोष्टींचा आहे.

त्या इतिहासाचे एक प्रसिद्ध पान बुलढाणा जिल्ह्याच्या पश्चिम सीमेपलीकडे, आजच्या जालना जिल्ह्यात घडले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईजवळ शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचे सैन्य केळणा व जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात उभे होते. समोर इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. नदी ओलांडायला जवळपास उतार नाही, असे वाटाडे ठासून सांगत होते. वेलस्लीने दुर्बीण लावली. नदीच्या अलीकडे एक गाव दिसले, पलीकडे बरोबर त्याच्या समोर दुसरे : पिंपळगाव आणि वरूड. नदीच्या दोन काठांवर इतकी लगटून गावे वसतात, त्या अर्थी माणसांची ये-जा असणारच आणि ये-जा असेल तर उतारही असणार, असा तर्क त्याने बांधला. उतार निघाला, फौज पार झाली आणि त्या दिवसाचा निकाल मराठ्यांच्या विरुद्ध गेला. पुढे वार्धक्यात वेलस्लीने ही हकिकत स्वतःच सांगितली.

मराठ्यांच्या इतिहासाचे वाचक या प्रसंगाकडे हळहळून पाहतात आणि ते योग्यच आहे. दुर्बिणीच्या दृष्टीने पाहिले तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते. वेलस्लीला उतार दिसलेला नव्हता. पाण्याची खोली कोणत्याच भिंगातून दिसत नाही. त्याला दिसली ती फक्त दोन गावे, पण ती एकमेकांच्या तुलनेत कोठे आहेत हे कळण्याइतकी स्पष्ट. आणि ही स्पष्टता त्या काळी तशी अलीकडचीच मिळकत होती.

साध्या एकेरी भिंगाची अडचण अशी, की ते वेगवेगळ्या रंगांचे किरण वेगवेगळ्या अंतरांवर एकत्र आणते. निळा अलीकडे, तांबडा पलीकडे. त्यामुळे प्रत्येक कडेला रंगीत झालर येते आणि चित्र धुरकटते. सतराव्या शतकातल्या ज्योतिर्विदांनी यावर काढलेला उपाय म्हणजे दुर्बीण लांबवणे. भिंगाची वक्रता जितकी कमी आणि नळी जितकी लांब, तितकी झालर कमी जाणवते. त्या नादात दुर्बिणी शे-दीडशे फुटांपर्यंत लांबल्या. घोड्यावर बसलेल्या सेनापतीला त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. क्राउन आणि फ्लिंट या दोन जातींच्या काचा जोडून एकीचा वर्णदोष दुसरीने खोडून काढायचा, ही युक्ती इंग्लंडात चेस्टर मूर हॉलने आधीच हेरली होती. पण तिचे पेटंट १७५८ मध्ये जॉन डॉलंडने मिळवले आणि तिचा व्यापार केला. हातात मावणारी, पितळी नळ्या एकीतून एक ओढून लांबवायची दुर्बीण त्यानंतर खऱ्या अर्थाने कामाची झाली. आजही कोणतीही दुर्बीण पारखताना उजळ आकाशापुढची विजेची तार पाहावी. तारेच्या कडेला जांभळी-हिरवी झालर दिसली, तर डॉलंडने ज्याच्याशी झुंज घेतली तो दोष अजून आत बसलेला आहे, असे समजावे.

या दुर्बिणी एका डोळ्याच्या. दोन्ही डोळ्यांनी पाहायची सोय एकोणिसाव्या शतकात सर्रास झाली ती नाटकगृहातल्या काचांच्या रूपाने. गॅलिलिओच्या पद्धतीच्या दोन छोट्या नळ्या शेजारी-शेजारी बसवल्या, की झाली द्विनेत्री. पुढे बहिर्गोल भिंग, डोळ्याकडे अंतर्गोल. चित्र सुलटे दिसते, नळी आखूड राहते आणि काचेचे पृष्ठभाग मोजकेच असल्याने उजेडही चांगला मिळतो. खोट एकच, पण मोठी : विवर्धन तीन-चार पटींच्या पुढे नेले, की दृष्टिक्षेत्र किल्लीच्या भोकाएवढे होते. एकोणिसाव्या शतकातले लष्करी अधिकारी, शिकारी आणि सूर्यग्रहणाचे हौशी निरीक्षक यांच्या गळ्यात असत त्या बहुधा याच जातीच्या दुर्बिणी.

ही खोट घालवण्याचा मार्ग इटलीच्या इग्नाझिओ पोरोने १८५४ मध्ये पेटंटात मांडला. दोन लोलक आडव्या-उभ्या बसवून प्रकाशाला आतल्या आत वळसे द्यायचे. लांब दुर्बीण घडी घालून ठेवल्यासारखी आखूड होते आणि उलटे चित्रही सुलटे होते. कल्पना निर्दोष होती, काच सदोष होती. लोलकात प्रकाशाला काचेतून बराच लांबचा प्रवास करावा लागतो. काचेत रेघा, बुडबुडे, रंगाची झाक असेल तर चित्र मळते. पोरोची कल्पना त्यामुळे ४० वर्षे जवळजवळ पडून राहिली. जर्मनीतील येना येथे ऑटो शॉटने १८८४ पासून भिंगांसाठी नव्या जातींच्या काचा ओतायला घेतल्या आणि त्या काचेच्या बळावर झाइस कारखान्यातील एर्न्स्ट आबे याने १८९४ मध्ये लोलकांची द्विनेत्री बाजारात आणली. आज लोणारच्या काठावर गळ्यात अडकवलेली जी दुर्बीण दिसते, तिचे कूळ येथून सुरू होते. कल्पना चाळीस वर्षे काचेसाठी थांबते, हे यंत्रांच्या इतिहासात वारंवार घडले आहे. पण श्रेय बहुधा कल्पनेलाच मिळते, काच ओतणाऱ्याला नाही.

तर १८९८ साली ही नवी दुर्बीण अवघी ४ वर्षांची होती. छायाचित्रण मात्र चांगले वयात आले होते. ग्रहणाच्या वेळी डोळ्याने पाहून हाताने काढलेल्या चित्रांवर विश्वास ठेवण्याचे दिवस संपत चालले होते. एकाच ग्रहणाची दोन माणसांनी काढलेली चित्रे इतकी निराळी निघत, की ती दोन वेगळ्या सूर्यांची वाटावीत. आता कोणते भिंग, किती लांबीचा कॅमेरा, कोणती काच, यांवर वाद होऊ लागले. आणि त्या वादाची परीक्षा घ्यायला चंद्राची सावली नेमकी महाराष्ट्रावरून जाणार होती.

काळ बिकट होता. १८९६-९७ चा दुष्काळ नुकताच सरला होता. मुंबई-पुण्यात प्लेगाने हाहाकार केला होता. पुण्यात रँडचा वध होऊन जेमतेम ७ महिने झाले होते. अशा दिवसांत इंग्लंड-अमेरिकेतून लाकडी पेट्यांत भिंगे, आरसे आणि छायाचित्रांच्या काचा बांधून माणसे कोकण किनाऱ्यापासून वऱ्हाडापर्यंत पसरली.

कोकणात विजयदुर्गावर सर नॉर्मन लॉकयर उतरला. त्याच्या मदतीला ‘मेलपोमीनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी होते. येथे एका प्रचलित समजुतीची गाठ सोडवायला हवी. लॉकयरने १८६८ च्या ग्रहणात विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला, असे दरवर्षी सांगितले जाते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकयर भारतात नव्हताच. त्या ग्रहणाचे गाजलेले निरीक्षण फ्रान्सच्या यान्सेनने आंध्रातल्या गुंटूरहून केले. लॉकयरने त्याच वर्षी ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला आणि त्यातल्या एका पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियमचे नाव पडले. विजयदुर्गाशी त्याचा खरा संबंध आला तो ३० वर्षांनी, १८९८ मध्ये. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ त्या वर्षाशी जोडणेच अधिक सयुक्तिक. किल्ल्याचे महत्त्व त्याने कमी होत नाही.

सोलापूर जिल्ह्यात, करमाळा तालुक्यातील जेऊर येथे दोन छावण्या पडल्या. एक पुण्याची. महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगामवाला यांची. पुण्यातील त्यांच्या वेधशाळेत ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण होती आणि त्या काळी भारतातली ती सर्वांत मोठी दुर्बीण मानली जाई. वेधशाळा पुढे १९१२ मध्ये बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकॅनालला गेली. दुसरी छावणी कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेची. तिचा प्रमुख विल्यम वॉलेस कॅम्पबेल, सोबत पत्नी एलिझाबेथ. त्यांनी आणलेला ४० फुटी कॅमेरा म्हणजे त्या ग्रहणातले सर्वांत भव्य यंत्र. ५ इंच व्यासाचे भिंग उंच मनोऱ्यावर, तेथून तिरपी खाली उतरणारी कापडी नळी आणि तळाशी सूर्याच्या गतीने सरकणारी छायाचित्राची काच. जेऊरच्या माळावर हे प्रकरण काय दिसले असेल, याची कल्पनाच करावी.

बिहारमधील बक्सरला ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी मंडळाची एक तुकडी गेली. तिच्यात नेव्हिल मॅस्केलिन नावाचा जादूगार होता. त्याने ग्रहणाचे चलच्चित्र घेतले आणि परतीच्या वाटेवर ती फिल्म चोरीला गेली. चोराला तिच्यात काय दिसले असेल, हा प्रश्न कायमचा अनुत्तरित आहे.

त्याच मंडळाची दुसरी तुकडी तळणीला आली. मुंबईहून तळणीला जाणारा लोहमार्ग भुसावळ ओलांडून आजच्या बुलढाणा जिल्ह्यात शिरतो : मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. (शेगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, खामगाव तालुका बुलढाण्याला जोडला गेला १९०५ मध्ये.) अकोला, बडनेरा, धामणगाव मागे टाकले, की वर्धा नदीच्या अलीकडे तळणी. बुलढाणा जिल्ह्यातही मोताळा तालुक्यात एक तळणी आहे आणि नाव वाचून पुष्कळांची गल्लत होते. ग्रहणाची तळणी ती नव्हे. ती अमरावती जिल्ह्यातली, रेल्वेची तळणी. सारा वऱ्हाड त्या वेळी कागदोपत्री निजामाचा आणि कारभार इंग्रजांचा, अशा विचित्र स्थितीत होता.

तळणीच्या छावणीत जॉन एव्हरशेड होता. वर्णपट टिपण्यात तो निष्णात. पुढे कोडाईकॅनालच्या वेधशाळेचा संचालक झाला. एडवर्ड वॉल्टर मॉन्डर होता. ग्रिनिच वेधशाळेत सूर्यावरच्या डागांची नोंद ठेवणारा. सतराव्या शतकात कित्येक दशके सूर्यावर डाग जवळजवळ दिसलेच नाहीत, हे त्याने आग्रहाने मांडले आणि त्या काळाला आज त्याचेच नाव आहे. आणि त्याची पत्नी ॲनी होती.

ॲनी रसेल, माहेर आयर्लंडमधील स्ट्रबेन. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकली. पण त्या विद्यापीठात स्त्रियांना तेव्हा पदवी मिळत नसे. १८९१ मध्ये ग्रिनिच वेधशाळेत गणन करणारी म्हणून नोकरी लागली, पगार महिना ४ पौंड. काम सूर्याची रोज छायाचित्रे घेणे आणि डाग मोजणे. १८९२ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी तिचे नाव सुचवले गेले आणि मतदानात फेटाळले गेले. १८९५ मध्ये वॉल्टरशी लग्न झाले आणि विवाहित स्त्रीला सरकारी नोकरी नाही, या नियमाने तीही सुटली. १८९६ च्या ग्रहणाला ती दोघे नॉर्वेतील वाड्स्यो येथे गेली तर आकाश झाकोळलेले. म्हणजे तळणीला येताना तिच्या हाती ना पद होते, ना वेधशाळा, ना मागच्या ग्रहणाची कमाई. गर्टन कॉलेजकडून मिळालेल्या संशोधन-निधीतून तिने एक लहान कॅमेरा सिद्ध केला होता. भिंग डालमायर कंपनीचे. व्यास दीड इंच, नाभीय अंतर ९ इंच. हा कॅमेरा टेबलावर मावेल. जेऊरच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी ठेवला असता तर कोणाच्या नजरेत भरला नसता.

आता तुलना करायची ती अंकांनीच, कारण येथे अंक फार बोलके आहेत.

भिंगाने उमटवलेल्या सूर्यबिंबाचा आकार केवळ नाभीय अंतरावर ठरतो. ते अंतर भागिले सुमारे १०७. चाळीस फुटी कॅमेऱ्यात सूर्य सुमारे ११ सेंटिमीटरचा उमटतो, बशीएवढा. ॲनीच्या कॅमेऱ्यात २ मिलिमीटरचा, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा, किरीटाच्या आतल्या भागातली तंतूंची वीण, हे सारे पाहायचे तर पहिलाच कॅमेरा हवा, यात शंका नाही. कॅम्पबेलला हेच पाहायचे होते आणि त्याची निवड चुकलेली नव्हती.

पण सूर्याचा किरीट बाहेर पसरत जातो तसा झपाट्याने मंद होत जातो. मंद आणि पसरलेली वस्तू काचेवर उमटेल की नाही, हे भिंगाच्या नुसत्या आकारावर ठरत नाही. भिंगाचा व्यास आणि नाभीय अंतर यांच्या प्रमाणावर ठरते. जेऊरला नाभीय अंतर व्यासाच्या ९६ पट होते. ५ इंची भिंगातून शिरलेला उजेड बशीएवढ्या सूर्यावर आणि त्याभोवतीच्या भल्या मोठ्या किरीटावर फासला जाई, थोड्या तुपाने मोठी पोळी माखावी तसा. तळणीला हे प्रमाण केवळ ६ होते. दोन्ही प्रमाणांत १६ पटींचा फरक. म्हणून काचेच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पडणाऱ्या उजेडात १६ गुणिले १६, म्हणजे २५६ पटींचा फरक. भिंग लहान असूनही तळणीच्या काचेवरचे चित्र इतके अधिक उजळ होते.

यापूर्वीही एक खटकणारी गोष्ट घडली होती. १८७८ च्या अमेरिकेतील ग्रहणात सॅम्युअल लँग्लीने कोलोरॅडोतील पाइक्स पीक या उंच शिखरावरून, साध्या डोळ्यांनी, किरीट सूर्याच्या व्यासाच्या कित्येक पट दूर पसरलेला पाहिला होता. छायाचित्रांत तसे काही उमटत नव्हते. आणि जे छायाचित्रात नाही ते खरे कशावरून? लोकांचा ओढा यंत्रावर विश्वास ठेवण्याकडेच असतो. परंतु माणसाच्या डोळ्याचे प्रमाणही अंधारात ३ च्या आसपास असते. डोळा म्हणजे आखूड नाभीय अंतराचे, उजळ चित्र देणारे लहान भिंगच. लँग्लीच्या डोळ्याला जे दिसले, ते टिपायला डोळ्यासारखाच कॅमेरा हवा होता. तळणीच्या त्या कॅमेऱ्याच्या रचनेत हीच जाण दिसते.

ग्रहण लागले. गावोगाव वेध पाळले गेले असतील, ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ची आरोळी घुमली असेल. तळणीच्या छावणीत मात्र घड्याळाचे ठोके मोजत काचा बदलण्याची धांदल होती. २ मिनिटांत जे हाती लागेल ते लागेल. दुसरी संधी नाही. आकाश निरभ्र राहिले.

काचा धुतल्यावर ॲनीच्या छायाचित्रात सूर्याच्या एका बाजूने निघालेला लांबच लांब किरण दिसला. लांबी सुमारे ६० लाख मैल, म्हणजे सूर्याच्या व्यासाच्या जवळपास ७ पट. किरीटाचा इतका लांब पसारा तोवर कोणत्याही छायाचित्रात उमटला नव्हता. तिच्या काचेवर त्याची लांबी दीड सेंटिमीटरच्या आसपास. तोच किरण जेऊरच्या ४० फुटी कॅमेऱ्यात पुरता उतरवायचा, तर सूर्याच्या त्या एका बाजूलाच पाऊण मीटरहून लांब काच लागली असती. आणि ती मिळाली असती तरी त्या मंद टोकापर्यंतचा उजेड तीवर ठसा उमटवण्याइतका भरला नसता. सूर्यापासून अवकाशात अखंड काहीतरी वाहत असते, ही सौर वाऱ्याची कल्पना युजीन पार्करने मांडली ती १९५८ मध्ये, ॲनीच्या छायाचित्रानंतर ६० वर्षांनी. लांबलचक किरणांचे ते कोडे तोवर ज्योतिर्विदांपुढे उभे होते.

जेऊर आणि तळणी यांत श्रेष्ठ कोण, असा प्रश्न त्या ग्रहणानंतर कोणी विचारला असता तर तो फसवाच ठरला असता. एकाने सूर्याजवळचे बारकावे आणले, दुसऱ्याने दूरचा पसारा. पण त्या दिवसापर्यंत थोरपणाचे वजन एकाच पारड्यात पडत होते, लांबीच्या आणि आकाराच्या. ते पारडे एका नोकरी गमावलेल्या स्त्रीच्या दीड इंची भिंगाने हलवले.

द्विनेत्री दुर्बिणीला हे गणित जसेच्या तसे लागू पडते, फक्त काचेच्या जागी डोळा येतो. समोरच्या भिंगाचा व्यास भागिले विवर्धन, इतक्या मिलिमीटर जाडीचा उजेडाचा झोत दुर्बिणीच्या मागून बाहेर पडतो. ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर, २०×५० मध्ये फक्त अडीच. भर दुपारी बाहुली आकुंचन पावलेली असते तेव्हा फरक जाणवत नाही. संध्याकाळी लोणारच्या पाण्यावर सावली उतरली, की २०×५० मधले चित्र काळवंडू लागते. भिंग ८ मिलिमीटरने मोठे आणि तरीही चित्र अंधारे! आकड्याला भुललेला ग्राहक येथे जेऊरच्या कॅमेऱ्याकडून तळणीचे काम मागत असतो. शिवाय २० पट विवर्धनात हाताचा कंपही २० पट.

झोत पाहायचा असेल तर दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखावी. डोळ्याकडच्या भिंगात प्रकाशाची छोटी टिकली दिसते. ती स्वच्छ गोल असेल तर लोलकांची काच जड, उत्तम जातीची. कडा चौकोनी कापल्यासारख्या करड्या दिसल्या, तर काचेत काटकसर झालेली आहे. पोरोला जे अडले आणि शॉटच्या भट्टीने जे सुटले, त्याचा पुरावा अजूनही त्या टिकलीत आहे. आणखी एक हिशेब आबेच्या हयातीत कोणालाच सोडवता आला नाही : काचेचा प्रत्येक उघडा पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. असे १० पृष्ठभाग आले, की एक तृतीयांश उजेड वाटेतच गळतो. त्यावरचा पातळ लेप झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ मध्ये शोधला आणि जर्मनीने तो काही वर्षे लष्करी गुपित म्हणून जपला. भिंगावर आज दिसणारी हिरवट-जांभळी झाक त्या लेपाची.

मॉन्डर दांपत्य भारतानंतरही ग्रहणांमागे हिंडत राहिले. तळणी आणि बक्सरच्या निरीक्षणांचा ग्रंथ वॉल्टरच्या संपादनाखाली १८९९ मध्ये निघाला. १९०८ मध्ये दोघांच्या नावाने ‘द हेवन्स अँड देअर स्टोरी’ हे पुस्तक आले. त्यातले बहुतेक लेखन ॲनीचे असल्याचे वॉल्टरनेच प्रस्तावनेत नमूद केले. ज्या सोसायटीने १८९२ मध्ये तिचे नाव फेटाळले होते, तिने स्त्रियांना दार उघडले १९१६ मध्ये आणि पहिल्या काही जणींत ॲनी मॉन्डर होती. तेव्हा ती ४८ वर्षांची होती. तळणीच्या छायाचित्राला १८ वर्षे झाली होती.

चंद्रावरच्या एका विवराला या दोघांच्या स्मरणार्थ ‘मॉन्डर’ हे नाव दिले आहे. ते चंद्राच्या पश्चिम कडेच्या किंचित पलीकडे आहे. पृथ्वीवरून, कोणत्याही दुर्बिणीने, ते सहसा दिसत नाही.